पोलादी टोप व त्यावरील छाप

नवें भांडें घरांत आलें कीं त्यावर नांव घालून घेण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. तांब्याचा हंडा असो, पितळेची परात असो किंवा साधी वाटी असो, तिच्या कडेवर मालकाचें नांव, लग्नाची तिथि, किंवा देणाऱ्या मामाचें वा आत्येचें नांव ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलें आढळतें. भांडें कोणीं घडविलें हें मात्र त्यावर क्वचितच असतें. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखांत याच्या उलट प्रकार दिसतो. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या ब्राह्मी लेखांत वांसकार म्हणजे बुरूड व कासाकार म्हणजे कांसार यांच्या श्रेणींचीं नांवें आलीं आहेत. धर्मकार्यासाठीं दिलेला पैसा कारागिरांच्या या संघांकडे ठेव म्हणून ठेवला होता. धातू घडविणाऱ्या मंडळींची पत एवढी होती कीं तिची नोंद खडकांत व्हावी.

घडविणाऱ्याची खूण हा विषय असा जुना आहे. त्याचें अलीकडच्या काळांतील एक विलक्षण उदाहरण म्हणजे दोन महायुद्धांत जर्मन शिपायांनीं घातलेला पोलादी टोप. त्याच्या आंतल्या बाजूस दोन अक्षरें व कांहीं आंकडे ठोकलेले असतात. वरवर पाहतां ते क्षुल्लक वाटतात. परंतु ते वाचतां येऊं लागले म्हणजे एका राष्ट्राची सुबत्ता, टंचाई, भीति व लपवाछपवी यांचा हिशेबच हातीं येतो.

हा टोप महाराष्ट्राला केवळ चित्रांतूनच ठाऊक आहे असें नाहीं. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील जुन्नर व आंबेगांव हे तालुके पुणें जिल्ह्याच्या त्या पश्चिम पट्ट्यांत येतात, जेथून मराठा पलटणींत भरती होण्याची परंपरा फार जुनी आहे. पुणें, सातारा, कुलाबा, रत्नागिरी व नगर या जिल्ह्यांतील जवान १९४३ ते १९४५ या काळांत इटलींत सांग्रो नदीपासून सेनिओ नदीपर्यंत जर्मन सैन्याशीं झुंजले. ता. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत कुलाबा जिल्ह्यांतील नाईक यशवंत घाडगे यांनीं आपल्या तुकडींतील सर्व सोबती पडले वा जखमी झाले असतां एकट्यानें शत्रूच्या यंत्रतोफेवर धांव घेतली, ती बंद पाडली, आणि तेथेंच त्यांना वीरमरण आलें. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या बांधावर नगर जिल्ह्यांतील शिपाई नामदेव जाधव यांनीं दोघां जखमी सोबत्यांना पाण्यांतून व सुरुंग पेरलेल्या जमिनींतून सुखरूप मागें आणलें आणि मग परत जाऊन शत्रूचे मोर्चे एकामागून एक मोडले. या दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हें पदक मिळालें. मराठा जवानाच्या डोक्यावर तेव्हां पसरट काठाचा, उपड्या थाळीसारखा इंग्रजी टोप होता. समोर जो दिसे तो कानांवर व मानेवर उतरलेला, पुढें लहानशी पडवी काढलेला जर्मन टोप.

हा आकार कोठून आला? १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां जर्मन शिपायाच्या डोक्यावर कमावलेल्या कातड्याचा, टोंकावर भाल्याचें अग्र असावें तसा सुळका असलेला टोप होता. संचलनांत तो शोभून दिसे. खंदकांत तो निरुपयोगी ठरला. खंदकांतील माणसाचें धड जमिनीखालीं सुरक्षित असे, परंतु डोकें वर राही, आणि तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या वरून पडत. औगुस्ट बीअर या जर्मन शल्यवैद्याच्या ध्यानांत आलें कीं हरभऱ्याएवढी ठिकरीसुद्धां मेंदूंत शिरून माणसाला मारते किंवा जन्माचा पांगळा करते, आणि एवढ्या लहान तुकड्याला अडविण्यास पोलादाचा पातळ पत्राही पुरेल. हानोव्हर येथील तंत्रविद्यालयाचे प्राध्यापक फ्रीड्रिख श्वेर्ड यांनीं ही कल्पना उचलली. फ्रेंचांनीं १९१५ सालीं काढलेला टोप चार तुकडे जोडून केलेला होता. इंग्रजांचा टोप एकाच पत्र्याचा, पण मान उघडी टाकणारा. श्वेर्ड यांनीं एकाच पत्र्यांतून कपाळ, कान व मान हीं तिन्ही झांकणारा आकार काढला. १९१६ सालच्या व्हर्दनच्या लढाईंत तो शिपायांच्या डोक्यावर चढला, आणि युद्ध संपेपर्यंत असे सत्तर लक्षांहून अधिक टोप तयार झाले.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोलादी टोप बंदुकीची गोळी अडविण्यासाठीं केलेला नव्हता. जवळून नेमकी लागलेली रायफलीची गोळी त्यांतून आरपार जाई. त्याचा उपयोग ठिकऱ्या, दगड, माती व वेग कमी झालेलीं शकलें यांच्यापुरता. जो पत्रा खरोखरीच गोळी थोपवील तो इतका जड होईल कीं माणसाला तो घालून दिवसभर वावरतां येणार नाहीं. श्वेर्ड यांनीं कपाळासाठीं एक जाड जादा पट्टीही योजिली होती व ती अडकविण्यासाठीं टोपाच्या दोन्ही बाजूंस शिंगांसारखे पोकळ खुंट बसविले होते. परंतु ती पट्टी फार जड असल्यामुळें पाहऱ्यावरच्या शिपायाखेरीज कोणी तिच्या वाटेस जात नसे. खुंट मात्र वारा आंत येण्यासाठीं उपयोगीं पडत. ते पुढें गेले आणि त्यांच्या जागीं दोन लहान भोकें उरलीं.

आतां हे टोप घडविणारे कोण, हें पाहण्याजोगें आहे. मुंबईकडे व कोंकणांत टोप म्हणजे स्वयंपाकाचें पातेलें. मराठी भाषेनें डोक्यावरच्या व चुलीवरच्या वस्तूला एकच नांव दिलें हा योगायोग असेल. पण जर्मनींत तो योगायोग राहिला नाहीं. पहिला पोलादी टोप हार्झ डोंगराच्या पायथ्याशीं, बोडे नदीच्या कांठीं असलेल्या थाले गांवच्या लोहकारखान्यांत दाबला गेला, आणि हा कारखाना एनॅमलच्या भांड्यांसाठीं नांवाजलेला होता. झाक्सन प्रांतांतील लाउटर येथील कारखान्याच्या नांवांतच एनॅमल व पत्राकाम हे शब्द होते. फुल्डा येथील कारखाना एनॅमलचाच. एस्लिंगेनचा क्विस्ट कारखाना धातूचीं भांडीं करी, आणि श्वेर्टे येथील निकेलचा कारखाना निकेलचीं भांडीं व नाणीं पाडण्याच्या चकत्या करी. ज्या पांढऱ्या, निळ्या कडेच्या एनॅमलच्या थाळ्या व चहाच्या किटल्या एके काळीं हिंदुस्थानांतील घराघरांत असत, त्यांच्याच जातीचीं भांडीं करणारे हे कारखाने.

याचें कारण उघड आहे. सपाट पत्र्यापासून खोल भांडें काढणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. एकाच दाबांत खोल पेला ओढूं गेल्यास पत्रा तळाशीं फाटतो किंवा कडेला चुण्या पडतात. म्हणून तो टप्प्याटप्प्यानें, निरनिराळ्या साच्यांत, खोल करीत न्यावा लागतो. पातेल्याच्या मऊ लोखंडाला हें मानवतें. टोपाचें मिश्र पोलाद मात्र चिवट व हट्टी असतें, म्हणून तें तापवून दाबावें लागे. मग कडा कापणें, कांठ आंतल्या बाजूस वळविणें, वाऱ्याचीं दोन भोकें व आंतलें अस्तर अडकविण्याचीं तीन भोकें पाडणें, आणि शेवटीं पोलादाला पाणी देणें, म्हणजे तापवून एकदम थंड करणें व पुन्हा बेताची उष्णता देऊन त्याचा ठिसूळपणा घालविणें. पाणी कमी पडलें तर टोप चेपतो. अधिक झालें तर कांचेसारखा तडकतो. दोन्ही प्रकारांत आंतलें डोकें जातें. भाता व हातोडा घेऊन बसणाऱ्या लोहारालाही हें कोडें परिचित आहे, फक्त थालेच्या कारखान्याला तें दिवसाला हजारों वेळां सोडवावें लागे.

पाणी देण्यांत किंवा पोलादांत कोठें चूक झाली तर ती कोणाची, हें कळण्यासाठींच छाप. दुसऱ्या महायुद्धांतील टोपाच्या आंतल्या बाजूस, डाव्या कानाजवळच्या पाळीवर, कारखान्याचीं रोमन अक्षरें व त्यांस लागून एक आंकडा असतो. ईटी म्हणजे थाले, क्यू म्हणजे क्विस्ट, एस्ई म्हणजे लाउटर, ईएफ् म्हणजे फुल्डा, एन्एस् म्हणजे श्वेर्टे. पुढचा आंकडा ६० पासून ७० पर्यंत, बहुधा सम असतो. तो टोपाच्या आंतल्या घेराचें सेंटिमीटरांतील माप होय. परंतु ६४ आंकड्याचा टोप ६४ सेंटिमीटरांच्या डोक्याला बसत नाहीं. आंत कातड्याचें अस्तर येतें, त्याला व हवेला जागा लागते. म्हणून ६४ च्या टोपांत ५६ किंवा ५७ चें अस्तर बसवीत, ६६ च्या टोपांत ५८ किंवा ५९ चें.

दुसरा आंकडा मानेच्या बाजूस पाळीवर असतो, आणि नवख्या माणसाची फसगत येथेंच होते. १९३५ किंवा १९४० च्या जवळपासचा आंकडा दिसला कीं तो त्यास सालच समजतो. तो साल नव्हे. पोलादाच्या ज्या गटांतून तो टोप निघाला त्या गटाचा क्रमांक होय. खराब गट सांपडला तर त्यांतले सर्व टोप ओळखतां यावेत, यासाठीं तो. साल पाहावयाचें तर अस्तराच्या धातूच्या पट्टीवर पाहावें लागतें. १९३१ सालीं ठरलेल्या या अस्तरांत एका कड्यावर मऊ कातड्याच्या आठ पाकळ्या असत व त्या वर दोरीनें आवळीत, म्हणजे प्रत्येकाच्या डोक्याप्रमाणें टोप खोल वा उथळ करितां येई. अस्तरें करणारे निराळे होते, आणि ते आपलें पूर्ण नांव, गांव व साल पट्टीवर घालीत. त्यांतील ब्राउन्श्वाइग गांवचें शुबर्ट हें नांव आज मोटारसायकलस्वारांच्या व शर्यतींतील मोटारचालकांच्या टोपांवर दिसतें.

टोपाचा आकार १९३५ सालीं लहान व सुबक झाला. तेव्हां जर्मनीला घाई नव्हती. वाऱ्याच्या भोकांतसुद्धां निराळी नळी करून बसवीत. १९४० सालीं ती नळी गेली व भोंवतालचा उंचवटा पत्र्यांतूनच दाबून काढूं लागले. दोन वर्षांनीं कांठ वळविणेंही सोडून दिलें. १९४२ च्या नमुन्याचा कांठ नुसता कापून बाहेर किंचित् पसरलेला असतो. त्यावरून बोट फिरविलें तर धार लागते. पोलाद कणखर करणाऱ्या दुर्मिळ धातू रणगाडे व विमानें यांना हव्या होत्या, म्हणून टोपाच्या पोलादांत मँगनीज व सिलिकॉन यांवर भागवावें लागलें. बाहेरच्या रंगाचीही तीच कथा. प्रारंभीं उजव्या बाजूस राष्ट्रध्वजाच्या रंगांची ढाल व डाव्या बाजूस सैन्याचा गरुड असे. १९४० सालीं ढाल गेली, १९४३ सालीं गरुडही गेला. शिपायाच्या डोक्यावरचें चमकदार चिन्ह शत्रूच्या नेमबाजाला उपयोगीं पडतें, हें उशिरां कां होईना ध्यानांत आलें. हातांत टोप धरून नुसता कांठ व भोकें पाहिलीं तरी युद्धाचें कोणतें वर्ष चालू होतें याचा अंदाज बांधतां येतो. सेनिओच्या बांधावर शिपाई जाधवांच्या समोर जे टोप होते, त्यांत वळविलेल्या कांठाचे जुने व धारदार कांठाचे नवे असे दोन्ही असणार, कारण जुने टोप दुरुस्त करून पुन्हा वांटीत.

मध्यंतरीं अक्षरेंही बदललीं. जर्मन शस्त्रखात्यानें प्रत्येक कारखान्याला गुप्त खूण दिली; तिचा नांवाशीं वा गांवाशीं कांहीं संबंध नसे. थालेची ईटी जाऊन सीकेएल् आली, लाउटरची एस्ई जाऊन एच्केपी आली. शत्रूच्या हातीं टोप पडला तरी तो कोठें झाला हें त्याला कळूं नये व तेथें विमानें येऊं नयेत, एवढाच हेतु. क्विस्ट, फुल्डा व श्वेर्टे यांच्या टोपांवर मात्र जुनींच अक्षरें राहिलीं, म्हणजे ही सावधगिरी अर्धवटच होती. आणखी एक गोष्ट या खुणांत लपलेली आहे. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत जर्मनीच्या शस्त्रोद्योगांत जिंकलेल्या देशांतून पकडून आणलेल्या लक्षावधि माणसांकडून सक्तीनें काम करून घेतलें जात होतें. छापावर कारखान्याची खूण आहे, पोलादाच्या गटाचा क्रमांक आहे, डोक्याचें माप आहे. पत्रा दाबणाऱ्या हाताचें नांव नाहीं. जुन्नरच्या लेण्यांतील कांसारांना जी पत मिळाली ती येथें मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

घालणाऱ्याचें नांव मात्र पुष्कळदां सांपडतें. शिपाई आपलें नांव पांढऱ्या रंगानें मानेकडच्या पाळीवर किंवा शाईनें अस्तराच्या कातड्यावर लिही. सारख्या दिसणाऱ्या पन्नास टोपांतून आपला ओळखावा एवढाच त्याचा उद्देश, अगदीं लग्नघरांत आपला तांब्या ओळखावा तसा.

जर्मन पोलादावरील छाप हा शिवनेरीच्या मुलखाला तसा नवा नव्हता. सतराव्या शतकांत महाराष्ट्रांत ज्या सरळ, लांब पात्याच्या तलवारींना फिरंग म्हणत, त्यांचीं पातीं बहुधा युरोपांतून येत, आणि त्यांतील पुष्कळ जर्मनींतील झोलिंगेन या गांवचीं असत. मूठ व तिचें वेष्टण येथें बसवीत, पातें परदेशचें. त्या पात्यांवर पळत्या लांडग्याची ओबडधोबड आकृति कोरून तींत पितळ भरलेलें आढळतें. ही खूण मूळची पास्सौ गांवची; तिला मोल आहे असें दिसतांच झोलिंगेनकरांनीं ती उचलली. पुढें आन्द्रेआ फेर्रारा या इटालियन कारागिराचें नांव जर्मन पात्यांवर झळकूं लागलें, आणि हिंदुस्थानी लोहारांनींही परकी अक्षरांसारखीं दिसणारीं निरर्थक अक्षरें आपल्या पात्यांवर कोरलीं. छापाला किंमत आली कीं खोटा छाप मागोमाग येतो.

टोपांच्या बाबतींत तेंच घडलें आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारांत जर्मन टोपाला चांगला भाव येतो, आणि कांहीं खुणांना तर अधिकच. म्हणून खोटे ठसे ठोकणारे, नवीं चिन्हें चिकटविणारे व कोऱ्या टोपाला गंज चढविणारे पुष्कळ झाले आहेत. शिवाय त्याच आकाराचे टोप इतर देशांचेही आहेत. चीनच्या राष्ट्रवादी सरकारनें १९३५ चे टोप जर्मनीकडून विकत घेतले होते. हंगेरी व स्पेन यांनीं त्याच धर्तीवर आपले काढले. पारख करणारा मनुष्य प्रथम छापाकडे व रंगाकडे एकदम पाहतो. खरा छाप रंगाच्या आधीं ठोकलेला असतो, म्हणून अक्षरांच्या खोबणींत मूळचा रंग उतरलेला दिसतो. रंग फोडून ठोकलेला छाप मागाहूनचा. मग तो कांठ व भोकें छापाशीं ताडून पाहतो. वळविलेला कांठ, निराळी नळी बसविलेलीं भोकें आणि जोडीला सीकेएल् हीं अक्षरें, असा टोप पुढें आला तर त्यानें सावध व्हावें, कारण नमुना युद्धापूर्वींचा व खूण युद्धाच्या उत्तरार्धांतली आहे. आतां ज्या घरांत आजोबांनीं इटलींतून आणलेली एखादी वस्तु पेटींत पडून असेल, तेथें ती घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह आवरला पाहिजे. राखेनें व चिंचेनें घासलेल्या टोपाचा रंग जातो, आणि रंगाबरोबर पांढऱ्या अक्षरांतलें तें नांवही जातें.

१९४५ च्या मे महिन्यांत युरोपांतील युद्ध संपलें तेव्हां जर्मनींत टोपांचे ढीग पडले होते आणि घरांत भांडीं नव्हतीं. शहरें जळाल्यामुळें स्वयंपाकघरेंही जळालीं होतीं. तेव्हां कारखान्यांनीं व लहान दुकानदारांनीं तेच टोप घेऊन त्यांना बूड बसविलें, कान लावले, कांहींना भोकें पाडून चाळण्या केल्या, कांहींना लांब दांडा जोडून शेतांत खत उपसण्याचीं डोणगीं केलीं. कांहींवर एनॅमलही चढविलें. अशीं भांडीं जर्मनींतील संग्रहालयांत ठेवलेलीं आहेत, आणि त्यांच्या बाजूंस वाऱ्याचीं जुनीं भोकें बुजविल्याची खूण दिसते. थालेचा कारखाना पूर्व जर्मनींत गेला व पुन्हा एनॅमलचीं पातेलीं करूं लागला. १९५६ नंतर पूर्व जर्मनीच्या नव्या सैन्यासाठीं नव्या उतरत्या आकाराचे टोपही तेथेंच दाबले जाऊं लागले.